राजवाड्याच्या बागेत आलेला फोन

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नाही. शाळेत निबंध लिहायची वेळ आली की मी प्रवासवर्णन सोडून बाकी कुठलाही विषय घ्यायचो, कारण प्रवास म्हणजे मुरगूड ते कोल्हापूर एसटी, यापलीकडं माझ्याजवळ काही नव्हतं. अशा माणसानं समुद्राकाठच्या एका राजवाड्याविषयी लिहायला बसावं हे आगाऊपणाचंच आहे. त्यात तो राजवाडा मी धड पाहिलाही नाही. अर्धा पाहिला, उरलेल्या अर्ध्यात नुसता चाललो. ज्यांनी राजवाडे नीट पाहिलेत, ज्यांना कमानींचे प्रकार आणि झाडांची नावं ठाऊक आहेत, त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात. मला फक्त त्या दिवशी काय झालं तेवढं सांगायचं आहे. तोंडानं सांगायला गेलो की लोक मधेच "मग? मग?" करतात आणि माझा गोंधळ होतो.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, इतिहास घेऊन. इतिहास शिकून पुढं काय करणार, हे गावात सगळ्यांनी विचारून झालं होतं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेवढं विचारलं नव्हतं. आमची थोडी शेती आणि गोठा. घर सोडून आण्णा फार तर नृसिंहवाडीला जाणार, तेही संध्याकाळच्या आत परत यायच्या बोलीवर. कॉलेजची सहल कोकणात समुद्रकाठचा राजवाडा बघायला जाणार आहे म्हटल्यावर मी घरी नुसतंच सांगितलं, जायचं म्हणून सांगितलं नाही. आण्णाच म्हणाले, "जा की. घरातल्या कुणी तर समुद्र बघूदे. आल्यावर सांग मला कसा असतोय त्यो."

"टीव्हीत बघितलाय की आण्णा तुम्ही."

"टीव्हीत वास कुठं येतोय?"

जानेवारीतली गोष्ट. गगनबावड्याचा घाट उतरलो तशी माती लाल झाली, घरं कौलारू झाली आणि हवा अंगाला चिकटायला लागली. बसमध्ये पोरांनी गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या. आमच्याबरोबर इतिहासाच्या मॅडम होत्या. त्या पुण्याच्या, वर्षभरापूर्वी आमच्या कॉलेजात आलेल्या. शिकवायच्या फार चांगलं, पण आमची भाषा त्यांना अजून पुरती उमगत नव्हती. पोरं जोरात बोलायला लागली की त्यांना भांडण चाललंय असं वाटायचं.

राजवाड्याचं नाव इथं लिहीत नाही. तिथले वंशज अजून मागच्या भागात राहतात, आणि पुढं जे सांगणार आहे ते त्यांना आवडेल न आवडेल. एका लहान संस्थानाचा वाडा तो. समुद्राला लागून टेकाड, टेकाडावर जांभ्या दगडाची दुमजली इमारत, चारी बाजूंनी ओसऱ्या. समुद्राच्या बाजूला बाग पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली. शेवटच्या पायरीला बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडं पाणी. बसमधून उतरल्याबरोबर मी ते पाणी पाहिलं आणि मान फिरवली. एकदम सगळा बघून टाकावा असं वाटेना. आधी राजवाडा बघू, समुद्र शेवटी, असं मी ठरवलं.

दाराशी गाइड उभा होता. साठीपुढचा माणूस, काळी टोपी, पांढरा सदरा, इस्त्रीची पँट. तो म्हणाला, "चपला काढायची गरज नाही हो, घालूनच या." शहरातली मुलं तशीच आत गेली. आम्ही गावाकडची पोरं मात्र उंबऱ्याशी अडलो. राजाच्या घरात पायताण घालून जायचं, हे आमच्या पायांनाच पटत नव्हतं. शेवटी ओसरीच्या कडेला चपलांचा ढीग पडला. गाइडनं त्या ढिगाकडं पाहिलं आणि विचारलं, "कोल्हापूरकडचे ना?"

"कशावरनं ओळखलासा?"

"दुसरं कोण काढतंय?"

आमच्या वर्गात कागलचा एक मुलगा होता. त्याला गप्प बसायचं माहीतच नव्हतं. तो इमारतीकडं बघत म्हणाला, "पावणं, वाडा चांगला हाय. पर आमच्या नव्या राजवाड्याच्या घोड्याच्या पागंएवढा असंल न्हवं?"

"असेल बाबा," गाइड म्हणाला. "तुमचा मोठाच आहे. पण तुमच्याकडे समुद्र आहे काय?"

"रंकाळा हाय की!"

मॅडमसुद्धा हसल्या. इथपर्यंतचं सगळं मला आवाजासकट आठवतं.

आत दरबार होता. गादीवर पांढरी चादर, मागं लोड, आणि गादीभोवती दोरी. भिंतीवरचे आरसे खाऱ्या हवेनं आंधळे झाले होते. त्यांत माणूस दिसत नव्हता, माणसाच्या आकाराचा अंधार दिसत होता. खिडक्यांची बिजागरी पितळेची, हिरवी पडलेली. कुठलंही दार पूर्ण मिटत नव्हतं, लाकूड फुगून बसलं होतं. गाइड म्हणाला, "समुद्राकाठी घर बांधलं की रोज थोडं थोडं समुद्राला द्यावं लागतं." हे त्यानं आधी अनेकांना ऐकवलेलं वाक्य असणार, पण मला ते आवडलं. आण्णांना सांगायचं म्हणून मी ते मनात दोनदा म्हणून ठेवलं.

वरच्या मजल्यावर महाराजांची निजायची खोली. तिच्या भिंतीत एक कोनाडा होता, आणि त्याच्या तळाला चौकोनी भोक. वर लाकडी चाक आणि दोर. खाली मुदपाकखाना होता. तिथून ताट दोरानं वर ओढून घ्यायचं, म्हणजे जिन्यावरून कुणाला यायला नको. आम्ही एकेकजण वाकून त्या भोकात बघितलं.

"आता ऐका," गाइड म्हणाला. "या घरात महाराज गेले, म्हणजे वारले, तरी लगेच बाहेर सांगत नसत. गादी रिकामी ठेवायची नाही. पोटचा मुलगा नसला की दत्तक ठरेपर्यंत, तो येऊन बसेपर्यंत, वार्ता दाबून ठेवायची. बाहेर काय सांगायचे? महाराजांची तब्येत जरा नरम आहे. आणि ताट रोज वर जायचं."

"मेल्यालं माणूस जेवतंय व्हय?" कागलचा म्हणाला.

"जेवायला माणूस बसवलेला असायचा. आश्रितांपैकी एक. ताट रिकामं होऊन खाली यायला हवं ना? नाहीतर आचाऱ्याला कळेल. आचाऱ्याला कळलं की बाजाराला कळलं."

"म्हंजे मड्याशेजारी बसून..."

"हो. तिथंच."

मग एका मुलीनं विचारलं, "आणि राणीसाहेबांना?"

"त्यांना ठाऊक असायचं. ताट त्याच वाढून द्यायच्या. कपाळाला कुंकू लावून, हिरव्या बांगड्या घालून."

त्या मुलीनं पटकन तोंडावर हात नेला. मॅडम वहीत काहीतरी लिहून घेत होत्या, त्यांचाही हात थांबला. तेवढ्यात कागलचा म्हणाला, "आमच्यात तरी दुसरं काय हाय? तब्येत नरम हाय म्हंत्यात आन माणसास्नी मयताला बोलवून घेत्यात. ताटाच्या जागी फोन, एवढंच."

गावाकडची पोरं मोठ्यानं हसली. मीही हसलो. मॅडमना कळलं नाही, कुणी समजावलंही नाही.

खाली उतरून आम्ही मागच्या दारानं बागेत गेलो. राणीची बाग म्हणतात तिला. बकुळीची मोठी झाडं, त्यांच्याभोवती दगडी पार, मधून चिऱ्यांच्या पायवाटा, वाटांच्या कडेला अनंत आणि जास्वंद. एक माणूस उकिडवा बसून मोठ्या कात्रीनं हिरवळ कापत होता. उन्हात समुद्र इतका चमकत होता की तिकडं बघवत नव्हतं. मी पहिल्या पारापाशी पोचलो होतो, आणि खिशात फोन वाजला. तात्यांचा, म्हणजे धाकट्या चुलत्यांचा.

"कुठं हाईस?"

"राजवाड्यात."

"कुठल्या राजवाड्यात?"

"सहलीला आलोय न्हवं तात्या, कोकणात."

"व्हय, व्हय." मग ते थांबले. त्यांच्यामागं कुणीतरी "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत होतं. "जेवलास का?"

तात्यांनी मला जन्मात कधी जेवलास का असं विचारलं नव्हतं. ते फोन करायचे ते मोटार चालू आहे का बघ, नाहीतर पाण्याची पाळी कधी आहे ते विचार, एवढ्यापुरते.

"न्हाय अजून. काय झालं?"

"काय न्हाय. काय न्हाय झालं. आण्णाला जरा बरं न्हाय. तू ये."

"काय झालंय आण्णास्नी?"

"तसं काय न्हाय रं. घाबरायचं काम न्हाय. ये म्हंजे ये."

"आण्णांच्याकडं द्या फोन."

"आता न्हाय द्यायला येत."

"मग आईला द्या."

"आई... आई बसलीया तिकडं. तिला नगो आता. संगट पोरं हाईत न्हवं? एकटा येऊ नगोस. कुणाला तर घेऊन ये." आणि फोन ठेवला.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना हे एवढं बोलणं म्हणजे काय ते कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं माणूस गेला हे फोनवर सांगत नाहीत. परगावी असलेल्या पोराला तर नाहीच. वाटेत काही करून घेईल, गाडीखाली येईल, अशी भीती असते. म्हणून एक पायरी खाली उतरून सांगतात. गेला असेल तर जास्त आहे म्हणतात. जास्त असेल तर बरं नाही म्हणतात. आमच्या गल्लीतला पोरगा मिलिटरीत होता. त्याची आई गेली तेव्हा त्याला आईला थंडी-ताप आहे म्हणून बोलावलं होतं, आणि तो थंडी-ताप ऐकून तिकडंच रडायला लागला होता. ऐकणाऱ्यानं काय समजायचं हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. आणि 'एकटा येऊ नगोस' हे तर मी आजवर एकाच प्रसंगात ऐकलं होतं.

मी पारावर बसलो. नेसरीकडचा माझा मित्र, वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारा, माझ्यामागून येत होता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कुणाचा हुता?"

"तात्यांचा. आण्णास्नी बरं न्हाय म्हंत्यात."

"आणि?"

"एकटा येऊ नगोस म्हणाले."

तो माझ्याशेजारी बसला आणि माझा दंड धरला. हा मित्र बारावीत असताना त्याचा थोरला भाऊ मोटारसायकलवरून पडून गेला होता. त्याला तेव्हा भावाच्या पायाला लागलंय असं सांगितलं होतं. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं दंड धरला तेव्हा माझी खात्री झाली.

मॅडम आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, बरं नाही एवढंच म्हणालेत ना? ताप असेल. तू लगेच एवढं टोकाचं का धरतोस?" पोरं गोळा झाली होती. एकानंही मान वर केली नाही. मॅडमनी माझ्याकडून नंबर घेऊन तात्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला तर स्विच ऑफ. त्यांनी आईचा नंबर लावला, तो कुणी उचलला नाही.

"बघा," मॅडम म्हणाल्या, पण पुढं काय बघायचं ते त्यांना सुचलं नाही.

"मॅडम, आपण निघूया," माझा मित्र म्हणाला.

"अरे, पण नक्की काय झालंय ते तर कळू दे."

"कळलंय मॅडम."

हे कागलचा बोलला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण नुसतंच "मर्दा..." म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला. मघाचा त्याचा विनोद आम्हा दोघांनाही आठवत होता.

निघायचं ठरलं, पण बस नव्हती. ड्रायव्हर मामा चाकाचं काम करायला गावात गेले होते आणि यायला उशीर लागणार होता. एसटी गाठायची तर फाट्यापर्यंत जायला हवं होतं, आणि मला एकट्याला कुणी सोडायला तयार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, बसनंच सगळे जाऊ. म्हणून मी त्या बागेतच राहिलो. उरलेला राजवाडा म्हणालो तो हा.

नुसतं बसवेना म्हणून मी चालायला लागलो. मित्र दोन पावलं मागं. पायवाट खाली उतरत होती. चिरे तापले होते आणि मी अनवाणी होतो, हे मला बऱ्याच वेळानं कळलं. कळलं ते मित्रानं माझ्या चपला आणून पायाशी ठेवल्या तेव्हा. वाकून, दोन्ही हातांनी ठेवल्या. एरवी चप्पल लपवून मला वसतिगृहभर पळवणारा पोरगा तो. मी त्या घातल्या.

धक्का बसला की माणूस रडतो असं मला वाटायचं. मला रडू आलं नाही. मला सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं. हिरवळ कापणाऱ्याच्या कात्रीचा एक दांडा तुटलेला होता, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. बकुळीखाली पडलेली फुलं कुणीतरी झाडून वर्तुळात लोटली होती. एका कुंडीला तडा जाऊन तिच्यातून मूळ बाहेर आलं होतं. प्रत्येक गोष्ट दिसली की मनात यायचं, हे आण्णांना सांगायचं. मग आठवायचं. मग पुढची गोष्ट दिसायची आणि पुन्हा तेच. मला थांबवता येईना. आण्णा नाहीत हे डोक्याला कळलं होतं. पण आण्णांसाठी गोळा करायची जी सवय लागली होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खालच्या भिंतीपाशी समुद्र होता. आता बघायचा राहिला होता तो बघितला. तो मोठा आहे असं मला वाटलं नाही. तो आवाज करतोय आणि थांबत नाही, एवढंच वाटलं. त्याला वास होता. ओल्या दोराला येतो तसा, आणि मासळीचा. हाही सांगायचा होता.

गाइड आमच्यामागं आला होता. त्यानं माझ्या मित्राला विचारलं, "काय झालं याला?"

"वडील," मित्र म्हणाला.

गाइडनं डोक्यावरची टोपी काढली. फोन आल्यापासून सगळे काही ना काही बोलत होते, पण आण्णा गेले असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या अनोळखी माणसानं टोपी काढली आणि मला वाटलं, झालं, आता खरं झालं. त्याच्या डोक्यावर टोपीचा वळ होता. तो म्हणाला, "वय काय होतं?"

"पन्नाशीच्या आत," मित्र म्हणाला. "पंचेचाळीस असंल, काय रं?"

आण्णांचं वय मला खरंच नक्की माहीत नव्हतं. 'होतं' हा शब्द ऐकून मी भिंतीला धरलं.

गाइडनं मला बसवलं, शहाळं फोडून आणलं. मी घेतलं नाही. आमच्याकडं घरात असं झालं की अग्नी देऊन होईपर्यंत खात नाहीत. मी घेत नाही म्हटल्यावर माझ्याबरोबरच्या पोरांनीही डबे उघडले नाहीत. पहाटेपासून उपाशी पोरं ती. मुली घरून धपाटी घेऊन आल्या होत्या. थोड्या वेळानं पोरं दोघं-दोघं करून मुदपाकखान्याच्या भिंतीआड जाऊन यायला लागली. येताना तोंडं पुसलेली असायची. कागलचा परत आला तेव्हा त्याच्या हनुवटीला शेंगदाण्याची चटणी होती. आणि तो माझ्याशेजारी बसून फार गंभीर चेहऱ्यानं समुद्राकडं बघत राहिला. मित्रानं त्याला खूण केली. त्यानं दचकून पुसली आणि म्हणाला, "भावा, मी न्हाय खाल्लं." खरं तर त्यांनी खावं असं मला वाटत होतं.

मॅडम माझ्यापाशी येऊन बसल्या. त्या अजून फोन लावत होत्या. "मला अजूनही वाटतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "की तुझे काका जे म्हणाले तेवढंच असेल." मला त्यांचा राग आला. त्यांना आमच्यातलं काही कळत नाही असं वाटलं. आणि लगेच वाटलं, त्यांनी हे पुन्हा एकदा म्हणावं.

बस आली. गाइड दारापर्यंत आला. निघताना त्यानं माझ्या हातात एका पुडीत बकुळीची फुलं दिली. "पायाशी ठेव त्यांच्या," म्हणाला.

परतीच्या वाटेत कुणी गाणी म्हटली नाहीत. मला खिडकीजवळ बसवलं नव्हतं, मधे बसवलं होतं, दोन्हीकडं एकेक जण. माझा फोन बंद पडला होता. घाटात तर कुणालाच रेंज नव्हती. मी मनात यादी करत होतो: आता अंगणात मांडव घातला असेल. आक्काला सासरहून आणलं असेल. लाकडं कुठून आणली असतील? माझ्यासाठी थांबले असतील. मी एकुलता एक मुलगा, मडकं मीच धरायचं. हे विचार करताना मला माझीच भीती वाटत होती. माणूस इतक्या लवकर इतक्या पुढचं कसं काय बघायला लागतो?

गगनबावडा चढून आलो तेव्हा मित्राच्या फोनवर तात्यांचा फोन आला. नंबर त्यांना वसतिगृहातून मिळाला होता. मित्र "व्हय, व्हय, बरं" एवढंच म्हणत होता. फोन ठेवून तो म्हणाला, "गावाकडं न्हाय जायचं. कोल्हापुरातच, दवाखान्यात बोलावलंय."

"काय म्हणाले?"

"पोराला सांभाळून आण म्हणाले."

"बाकी?"

"बाकी काय न्हाय. मी इचारलं न्हाय." मग तो खिडकीबाहेर बघत राहिला. मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "पोस्टमार्टम असंल." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मलाही तेच वाटलं होतं. जे जे कळत होतं ते सगळं त्याच एका गोष्टीत बसत होतं.

ऊन कलताना बस कोल्हापुरात शिरली आणि दवाखान्याच्या फाटकाशी थांबली. तात्या बाहेर उभे होते. त्यांच्या सदऱ्यावर पोटापाशी रक्त वाळलेलं होतं. मी उतरलो. माझ्यामागून मित्र, कागलचा, मॅडम, आणि मग एकेक करत सगळी बसच उतरली आणि माझ्यामागं खाली मान घालून उभी राहिली.

तात्यांनी आमच्याकडं बघितलं. "एवढी पोरं कशाला आणलीस?"

मी जवळ गेलो. मला वाटलं होतं ते मला मिठी मारतील. त्यांनी मारली नाही. मी विचारलं, "कवा न्यायचं?"

"उद्या न्हाय सोडायचे. परवा बघू म्हंत्यात डाक्टर."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? आण्णाला."

मला ते ऐकू आलं पण आत गेलं नाही. मी नुसता उभा राहिलो. तात्यांना वाटलं मी घाबरलोय, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतका वेळ पोटात दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. "तुला फोनवर कसं सांगू? सकाळी वैरण घालताना कडबाकुट्टीच्या मशिनीत हात गेला रं. चार बोटं गेली. अंगठा तेवढा ऱ्हायलाय. मी फोन केला तवा ऑपरेशनला आत घेतलं हुतं. आई दाराशी बसून हुती, रगत बघून तिची दातखीळ बसली हुती. आता सुदीत हाय त्यो. मघाधरनं इचारतोय, पोरगं आलं का म्हणून."

"जित्ते हाईत?" मी म्हणालो.

"आरं, म्हंजे काय?"

"बरं झालं," मी म्हणालो. आणि मी हसायला लागलो. मला आवरेना. "बरं झालं तात्या, लई बरं झालं." माझ्यामागं कागलचा हुंदके द्यायला लागला होता, मॅडम "काय झालं? काय म्हणाले?" असं प्रत्येकाला विचारत होत्या, आणि मी फाटकाची सळई धरून हसत होतो.

तात्यांनी खांद्यावरचा हात काढला. ते माझ्याकडं असे बघत होते, जणू मी कोण आहे ते त्यांना ओळखू येत नव्हतं.

"आरं, उजवा हात हाय," ते म्हणाले, अगदी हळू, लहान पोराला समजावून सांगावं तसं. "धार काढायचा हात. आता म्हशीखाली बसायला यायचं न्हाय त्याला. कळतंय का तुला?"